पीजे आणि माझी फळी

परवा भंगारातून जुन्या दाराची प्लायवूडची फळी आणली. तिच्यावर पाचोरा-जामनेर, म्हणजे आमची पीजे, बसवायचीय! लाइन ५६ किमीची. १:८७ प्रमाणातही ६४४ मीटर होते. माझी फळी सहा फूट. म्हणून फक्त पाचोरा स्टेशन आणि एक वळण, बास.

गंमत बघा, पीजेसुद्धा काटकसरीचीच. ब्रॉडगेज साडेपाच फुटी, ही अडीच फुटी. त्यामुळे भराव अरुंद, पूल हलके, वळणं आखूड. खर्च वाचला, म्हणून तर इंग्रजांच्या काळात कापसाच्या या गावांपर्यंत गाडी पोचली.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पीजे थांबली. आता ब्रॉडगेज मंजूर आहे. चांगलंच आहे की! पण ते अडीच फूट कुठेतरी राहायला हवेत. माझ्या फळीवर त्यांचे ९ मिलिमीटर होतात. तेवढी जागा आहे.