साहेब माकड आणि हतबल उंदीर

‘टेन्शन घेऊ नकोस, अल्सर होईल’ हे आपण घरोघरी ऐकतो. या समजुतीचा माग काढत गेलं, की आपण १९३६ सालच्या माँट्रियलला पोचतो.

तिथल्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचत होते. नवं संप्रेरक सापडेल, ही आशा. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या, थायमस ग्रंथी आकसली, जठराला आणि आतड्याला व्रण पडले. पण नुसतं फॉर्मॅलिन टोचलं तरी तेच! थंडीत ठेवलं, दमवलं, तरी तेच. म्हणजे संप्रेरकाची आशा मावळली; पण कुठल्याही आघाताला शरीर ठरावीक प्रतिसाद देतं, हा विचार जन्माला आला. पुढे त्याला ‘स्ट्रेस’ हे नाव मिळालं.

१९५८ मध्ये अमेरिकेत जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या घेतल्या. विजेचा झटका दोघांनाही सारखाच. पण खटका दाबून तो टाळणं एकाच्याच हातात. व्रण झाले ते या ‘साहेब’ माकडाला. झालं! जबाबदारीच्या माणसाला अल्सर होणारच, असं लोक म्हणू लागले.

इथे एक गोम होती. साहेब कोण होणार, हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं. चाचणीत जे माकड खटका जास्त वेळा दाबे, त्यालाच साहेब केलं होतं. म्हणजे मुळातच अस्वस्थ प्राणी निवडला गेला असेल का?

जे वाइस यांनी उंदरांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला, या वेळी निवड चिठ्ठीने. निकाल उलटा आला! ज्याच्या हातात काहीच नव्हतं, त्या उंदरालाच व्रण जास्त. झटक्याची पूर्वसूचना मिळाली, तर व्रण कमी. घातक ठरत होती ती हतबलता.

मग १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरमागे जिवाणू असल्याचं दाखवलं. डुकराच्या पिलांना संसर्ग होईना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जिवाणू प्याले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

मग ताण निर्दोष सुटला का? नाही. गंभीर भाजलेल्या, अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या जठराला आजही व्रण पडतात. पण ज्याला अल्सर झालाय त्याला ‘तू काळजी करतोस म्हणून’ असं सुनावण्याआधी जिवाणूची तपासणी करून घ्यावी, एवढं या इतिहासातून नक्की घ्यायचं. वर्षानुवर्षं कित्येक रुग्णांनी, दुखणं जिवाणूचं असताना, दोष स्वतःच्या स्वभावाला दिला.