पाण्याचा गॅप

पाण्याचा गॅप : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात नळाला एकदा पाणी येऊन गेल्यावर ते पुन्हा येईपर्यंत जाणारे दिवस, तसेच त्या दिवसांसाठी घरोघरी करून ठेवलेली बेगमी. शब्द परका असला तरी वापर अस्सल इथला आहे. ‘आमच्याकडे आठचा गॅप आहे’ एवढे म्हणायचा अवकाश, की ऐकणारा आपल्या वसाहतीचा आकडा सांगू लागतो. वर्तमानपत्रांतला ‘निर्जळी’ हा शब्द मात्र घरात फारसा कोणी उच्चारत नाही.

संकटाची पूर्वतयारी म्हटली की भूकंप, पूर, आग डोळ्यांपुढे येतात. या शहरातली रोजची तयारी पाण्याची आहे आणि ती दुपदरी आहे. ठरलेल्या गॅपची एक, आणि गॅप लांबला तर त्याची दुसरी. पहिली सवयीने होते. घर अडचणीत येते ते दुसरी नसल्यामुळे.

गॅप धरण आटल्यामुळेच पडतो असे नाही. शहराला मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी मिळते. लालबहादूर शास्त्री यांनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी त्याची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. त्याच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे. तो काठोकाठ भरलेला असतानाही सुमारे ५० किलोमीटरवरच्या शहरात नळ कोरडे असतात. याचे उत्तर उंचीत आहे. जलाशयाची पूर्ण पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर त्याहून शंभरेक मीटर वर. पाण्याचा प्रत्येक थेंब विजेच्या पंपांनी उपसून फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणि तिथून पुढे नक्षत्रवाडीकडे चढवावा लागतो. ७०० आणि १,४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या जलवाहिन्यांवर ही भिस्त वर्षानुवर्षे राहिली. वादळात वीज गेली किंवा वाहिनी फुटली, की ज्यांचे पाणी आज यायचे त्यांचे उद्यावर जाते, उद्याचे परवावर. बिघाड काही तासांचा असतो, पण सगळी रांगच सरकते. २,५०० मिलिमीटर व्यासाच्या नव्या वाहिनीची १,६८० कोटींची योजना डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजनाने सुरू झाली. पुढे तिचा खर्च सुमारे २,७४० कोटींवर गेला. त्याआधीची खासगी भागीदारीची ‘समांतर’ योजना २०१६ मध्ये करार रद्द होऊन संपली होती. तिचे नाव शहरात आजही कुत्सितपणे निघते.

चारशे वर्षांपूर्वी हे काम वेगळ्या रीतीने झाले होते. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले भूजल मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी. वाटेतल्या उंच बंब्यांमधून दाब सांभाळला जाई आणि पाणी सार्वजनिक हौदांत पडे. वीज जाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे पाणचक्कीही अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरू लागली. हौद तेव्हा मोहल्ल्याचा होता. आता तो ज्याच्या त्याच्या अंगणाखाली गेला आहे. साठवणुकीचा खर्च आणि जागा दोन्ही घराने सोसायचे, हा या बदलाचा अर्थ. ज्याला अंगणच नाही त्याने काय करायचे, याचे उत्तर निळ्या प्लास्टिकच्या ड्रमने दिले.

ड्रम साधारण २०० लिटरचा. भाड्याच्या खोलीत चार माणसे आणि तीन ड्रम धरले, तर आठ दिवसांच्या गॅपमध्ये माणशी रोज पावणेएकोणीस लिटर येतात. गॅप दहा दिवसांवर गेला की पंधरा. आपत्तीग्रस्तांच्या छावण्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांत माणशी किमान पाणी नेमके तेवढेच, १५ लिटर धरले आहे. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी भारतात मानलेले प्रमाण १३५ लिटर. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला आठ दिवसांसाठी ५,४०० लिटर लागतील. म्हणजे पाच हजार लिटरचा हौद आणि गच्चीवर टाकी असलेले घर निभावून नेते, आणि ड्रमवाले घर कोणतीही आपत्ती जाहीर न होता छावणीच्या मापाने जगते.

पाण्याच्या दिवशी घरातले कोणीतरी थांबतेच, आणि ते कोणीतरी बहुधा बाई असते. लाइनमनने व्हॉल्व्ह किती वाजता फिरवला ते शेजारणीकडून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कळते. मग नळी, मोटर, आधी पिण्याचे, मग हौद, ड्रम, बादल्या, शेवटी कळशी-तांब्यासुद्धा. पूर्वी नवे पाणी आले की ‘शिळे’ पाणी ओतून देत. ती चैन आता परवडत नाही. उरलेले पाणी धुण्या-पुसण्याला लावतात. मोटर थेट नळाला जोडणे ही मात्र सार्वत्रिक आणि वाईट सवय. वाहिनीत दाब कमी असताना मोटरने ओढ दिली की गळतीच्या जागांमधून आजूबाजूची घाण आत खेचली जाते, शेजाऱ्याचे पाणी पळते ते वेगळेच.

साठ्याला स्वतःचा धोका असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. हा काळ आणि इथला गॅप जवळजवळ सारखे आहेत. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसते रिकामे करणे पुरत नाही, ड्रम आतून घासावा लागतो. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य कर्मचारी सांगतात. आठ दिवसांच्या गॅपमध्ये भरलेला ड्रम कोण रिकामा करणार? निदान झाकण घट्ट बसवणे किंवा तोंडाला कापड ताणून बांधणे शक्य असते. कर्मचाऱ्यांनी अबेट हे अळीनाशक टाकायला आणले तर नाही म्हणू नये.

बेगमीचा व्यवहारी नियम असा : जाहीर गॅपमध्ये दोन दिवस मिळवून हिशेब करावा. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी वेगळे, झाकलेले, उंचावर ठेवावे आणि काढायला दांड्याचे ओगराळे वापरावे. गढूळ पाणी तुरटीने निवळते, निर्जंतुक होत नाही. त्यासाठी उकळावे, किंवा मेडिक्लोरसारखे द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात घालावे. टँकरवाल्याचा आणि वीज कार्यालयाचा क्रमांक कागदावर लिहून भिंतीला लावावा, कारण वीज गेली की मोबाइलही फार काळ साथ देत नाही. रिकामा हौद धुवायला एकट्याने उतरू नये. बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो. झाकण काही वेळ उघडे ठेवून, वर दुसरे माणूस उभे करून मगच उतरावे. काम संपताच झाकणाला कुलूप घालावे. घरात रांगते मूल असेल तर पाणी भरत असतानाही ते उघडे सोडू नये.