हॅश-वृक्ष: पडताळणीच्या एका तंत्राचा इतिहास

हॅश-वृक्ष किंवा मर्कल ट्री ही प्रचंड माहितीसाठ्यातला एखादा तुकडा अस्सल आहे की नाही, हे सगळा साठा न चाळता ठरवण्याची पद्धत आहे. माहितीच्या प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा गणिती ठसा, काढतात. ही झाडाची पाने. दोन-दोन हॅश जोडून त्यांचा पुन्हा हॅश काढत गेले की शेवटी एकच उरतो. ते झाडाचे मूळ. कुठलाही तुकडा बदलला की मूळ बदलते. तुकडा सिद्ध करायला पानापासून मुळापर्यंत प्रत्येक पायरीवरचा जोडीदार हॅश तेवढा लागतो. १०,४८,५७६ पानांच्या झाडात असे २० हॅश पुरतात. ३२ बाइटांचा हॅश देणारी एसएचए-२५६ ही पद्धत वापरल्यास हा पुरावा अवघ्या ६४० बाइटांचा होतो.

ही कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठात राल्फ मर्कल यांनी मांडली. त्यांनी १९७९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८२ मध्ये ते मंजूर झाले. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या डिजिटल सहीच्या पद्धतीत प्रत्येक किल्ली एकदाच वापरता येत असे. त्यामुळे असंख्य किल्ल्या आधीच जाहीर कराव्या लागत. मर्कल यांनी त्या सगळ्या एका झाडाखाली आणल्या. मग फक्त मूळ जाहीर केले तरी भागू लागले.

१९९१ मध्ये बेलकोर या संशोधन कंपनीतील स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी दस्तऐवज कधी तयार झाला हे सिद्ध करण्यासाठी हॅशची साखळी सुचवली. पुढे डेव्ह बेयर यांच्यासह त्यांनी तिला झाडाची जोड दिली. त्यांची शुअरिटी ही कंपनी १९९५ पासून दर आठवड्याला एक हॅश ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापू लागली. छापलेला अंक घरोघरी गेल्यावर नोंद मागाहून बदलणे कंपनीलाही शक्य नव्हते. सातोशी नाकामोतो यांच्या २००८ च्या बिटकॉइन-निबंधात या संशोधनाचे संदर्भ आहेत.

२०११ मध्ये संकेतस्थळांना ओळखीची प्रमाणपत्रे देणाऱ्या डिजिनोटार या डच संस्थेची यंत्रणा फोडून गूगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र काढले गेले. अशी प्रमाणपत्रे लपून राहू नयेत म्हणून २०१३ मध्ये सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात प्रमाणपत्रांची जाहीर नोंद हॅश-वृक्षात ठेवतात आणि दोन पुरावे मिळतात: नोंद झाडात असल्याचा, आणि जुने झाड न बदलता नवे त्यावरच वाढल्याचा.

आज पाने दिली की मूळ आणि पुरावे काढून देणाऱ्या लायब्ररी बहुतेक संगणकभाषांत मिळतात. त्यांचे नियम जुन्या चुकांतून घडले आहेत. झाडाच्या मधल्या गाठीतले, म्हणजे जोडलेल्या दोन हॅशचे, ६४ बाइट ‘पान’ म्हणून पुढे केले तर खोटा पुरावाही खरा ठरू शकतो. म्हणून सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीत पानाआधी ०० आणि गाठीआधी ०१ हा बाइट जोडून मगच हॅश काढतात. हॅशची संख्या विषम असली की बिटकॉइन शेवटचा हॅश दुहेरी धरते. त्यामुळे व्यवहारांच्या दोन वेगळ्या याद्यांचे मूळ एकच येऊ शकते, हे २०१२ मध्ये उघड झाले. पुरावा काढणारी आणि तपासणारी लायब्ररी हे नियम सारखेच पाळत नसतील, तर खरा पुरावाही नाकारला जातो. शिवाय मूळ स्वतंत्र, भरवशाच्या मार्गाने मिळालेले हवे. पुरावा देणाऱ्याकडूनच मूळही घेतले, तर पडताळणीला काहीच अर्थ उरत नाही.