‘अंकल’ मुळात कोण?

चुलतबहिणीच्या धाकट्या मुलाने मला ‘अंकल’ अशी हाक मारली, तेव्हा तिने त्याला लगेच दटावले, ‘‘अंकल काय? मामा म्हण!’’ शब्दाचे कूळ पाहिले, तर पोराचे काही चुकले नव्हते.

इंग्रजीतला ‘अंकल’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘अवुन्कुलुस’. ‘अवुस’ म्हणजे आजोबा, आणि त्याचे हे लघुत्वदर्शक रूप, म्हणजे जणू ‘धाकटे आजोबा’. रोमन लोक हा शब्द फक्त आईच्या भावासाठी वापरीत. बापाचा भाऊ ‘पात्रुउस’. आपला संस्कृत ‘पितृव्य’ त्याच कुळातला. आत्या ‘आमिता’, मावशी ‘मातेर्तेरा’. चार नाती, चार शब्द, अगदी आपल्यासारखे. लॅटिन साहित्यात पात्रुउस कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे भेद नुसता नावाचा नव्हता.

जुन्या इंग्रजीतही काका ‘फॅडेरा’ आणि मामा ‘एआम’ असे वेगळे होते. इ.स. 98च्या सुमारास टॅसिटसने जर्मन टोळ्यांविषयी नोंदवले आहे, की तिथे भाचा मामाला बापाइतकाच प्रिय असतो. ‘बेओवुल्फ’ काव्यातला नायक ज्या हिगेलाक राजाशी निष्ठा ठेवतो, तो त्याचा मामाच.

1066मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंचमध्ये मामाच्या शब्दानेच काकालाही पोटात घेतले होते. तोच शब्द इंग्रजीत रुजला. ‘एआम’ लगेच मेला नाही. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात तो भेटतो, उत्तरेकडच्या बोलींत तर त्यानंतरही. ‘आंट’ ही ‘आमिता’ची लेक, म्हणजे मुळात आत्या. अशा रीतीने इंग्रजीत मामा आणि आत्या यांचे शब्द राहिले, पण ते सगळ्यांचे झाले.

हे केवळ तलवारीमुळे घडले असे म्हणावे, तर जर्मन भाषेचे उदाहरण आडवे येते. तिथे कोणी नॉर्मन गेले नव्हते. तरी सतराव्या-अठराव्या शतकांत प्रतिष्ठितांच्या घरांत फ्रेंच बोलण्याची हौस आली आणि ‘ओंकेल’ने मामाच्या जुन्या ‘ओहाइम’ला हळूहळू बाजूला सारले. नाती पुसायला सैन्य लागत नाही. घरातली हौस पुरते.

भाच्याला मी शेवटी मामाच म्हणायला सांगितले. ‘अंकल’ एकेकाळी मामा होता, हे खरे. पण आता त्या शब्दात मामा उरलेला नाही.