सेकंडहँड मशीन

कर्ली खाडीपलीकडे आमचं दीड एकर भाताचं होतं. नांगर, शेण, तरवा, कापणीनंतरचे भारे, सगळं होडीतून न्यायचं-आणायचं. एका वल्ह्यावर वडील, दुसऱ्यावर मी. १९८९ साली वडिलांच्या छातीत कळ यायला लागली नि डॉक्टरांनी वल्हं बंद केलं. भाऱ्यांनी भरलेली होडी सुकतीच्या पाण्यात एकट्याने काढणं माझ्याच्याने होईना. शेत पडीक टाकायचं, नाहीतर मशीन घ्यायचं.

होडीच्या मागे लटकवायचं हे मशीन अमेरिकेत नावारूपाला आणलं ओले एविनरूडने. माणूस जन्माने नॉर्वेचा. १९०९ साली त्याने ते विकायला काढलं. आपल्याकडेही नॉर्वेच्याच मदतीने केरळात नींडकरा इथे यांत्रिक होड्यांचा प्रकल्प झाला, १९५२ च्या करारातून. पण त्यात इंजिन होडीच्या पोटात असायचं. लटकतं मशीन केरळच्या लहान होड्यांवर पसरलं ते १९८० च्या आसपास. मग ते किनाऱ्याने वर सरकत आमच्यापर्यंत आलं, बहुतेक वेळा दुसऱ्याने वापरून टाकलेलं. नवीन आमच्या खिशाबाहेरच होतं.

दुभती म्हैस विकली नि एका बंदरावरून आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आणलं. विकणाऱ्याने ते पिंपातल्या पाण्यात लावून ठेवलेलं. दोरी ओढली, पहिल्याच झटक्यात चालू! मी खूश. मशीनला हात लावला तर चटका बसला, तरी डोक्यात उजेड पडला नाही. आम्ही पोचायच्या आधीच त्याने ते चालवून गरम करून ठेवलं होतं. थंड मशीन किती ओढल्यावर सुरू होतं, तेच बघायचं असतं.

आमची होडी दोन्ही टोकांना निमुळती, काथ्याने शिवलेली. मशीन टांगायला सुताराने बाजूला ऐनाची फळी ठोकली. हादऱ्यांनी शिवण सैल व्हायला लागली, ते वेगळंच. कापणीच्या दिवसांत, तिसऱ्या फेरीला, भर खाडीत एक सिलेंडर मेला, मग गिअर किंचाळला आणि पंखा फिरेना. सुकती लागलेली, होडी समुद्राच्या तोंडाकडे चालली. नांगर टाकला, तो नशिबाने धरला. भरती लागेपर्यंत भाऱ्यांवर बसून होतो. वडील तेवढा वेळ काठावर उभे. आल्यावर एवढंच म्हणाले, "म्हस दूध तरी देय होती रे."

एका मच्छीमार मिस्त्रीने गिअरचं तेल काढून दाखवलं. चहात दूध घातल्यासारखं. म्हणजे सील गेलेलं, खारं पाणी आत. विकत घेताना तो एक स्क्रू सोडून बघितला असता तर म्हैस गोठ्यात असती. मग त्याच जातीचं दुसरं, बंद पडलेलं मशीन भंगाराच्या भावात घेतलं, पण या वेळी मिस्त्रीला बरोबर घेऊन. त्याने दोन्ही प्लग काढून दोरी ओढली नि भोकांवर अंगठा धरला: दोन्हीकडचा दाब सारखाच पाहिजे. डोक्याचा भाग मेला होता, खालचा गिअर धडधाकट. दोन मिळून एक झालं. पाण्याच्या पंपातलं रबर तेवढं नवीन घातलं. रोज काम झालं की गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवायचं, लिटरला वीस मिली तेल, हे नेम मी कधी मोडले नाहीत. ते बारा वर्षं चाललं. शेत राहिलं. वडिलांना शेवटची तीन पिकं त्याच होडीतून बघता आली.

धूर मात्र भयंकर. टू-स्ट्रोकमध्ये बरंच पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, पाण्यावर तेलाचा तवंग धरतो. तिसऱ्या काढणाऱ्या बायका माझ्या नावाने शिव्या घालायच्या, नि त्या खोट्या नव्हत्या.

मशीन आता मांगरात आहे. गेल्या पावसाळ्यात पर्यटकांची होडी चालवणारा एक पोरगा सेकंडहँड मशीन बघायला निघाला होता, म्हणाला, "काका, चला सोबत." गेलो. मालक दोरीला हात घालणार, तेवढ्यात मी डोक्यावर तळहात ठेवला. गरम होतं.