थर्ड पार्टी अ‍ॅक्सेसरी (ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांच्या)

वाहनाचा यंत्रमानव आणि यंत्रमानवाचे पुन्हा वाहन होणाऱ्या खेळण्यांसाठी, मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय तिऱ्हाईत उत्पादकांनी काढलेले सुटे भाग. बंदुका, तलवारी, मुठी, डोकी, चिलखते, ट्रेलर, पोकळ्या बुजवणारे तुकडे आणि स्टिकर हे सगळे यात येते. संग्राहकांच्या बोलण्यात ‘थर्ड पार्टी’ किंवा नुसते ‘किट’ एवढेच असते.

जपानच्या ताकारा कंपनीने 1974 मध्ये मायक्रोमॅन आणि 1980 मध्ये डायाक्लोन या मालिका काढल्या. त्यांतील खेळणी घेऊन अमेरिकेच्या हॅस्ब्रोने 1984 मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ बाजारात आणले. त्यांतल्या नायकाच्या, ऑप्टिमस प्राइमच्या, पहिल्या खेळण्याच्या मुठी सुट्या होत्या; त्याचा ट्रक करायचा तर त्या उपसून बाजूला ठेवाव्या लागत. बाजूला ठेवलेली मूठ लहान मुलाच्या घरात किती दिवस टिकणार? त्यामुळे जुन्या बाजारात बिनमुठीचे ऑप्टिमस भरपूर आणि नव्या मुठींना गिऱ्हाईक कायमचे. ती पिढी मोठी झाली आणि पैसे मिळवू लागली. तिच्यासाठी ताकाराने 2003 मध्ये ‘मास्टरपीस’ ही महागडी मालिका सुरू केली, आणि 2007 च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ चित्रपटाने बाजार आणखी वाढवला.

या प्रकाराचा नमुना म्हणून ‘फॅन्सप्रोजेक्ट’ या तिऱ्हाईत उत्पादकाचा ‘सिटी कमांडर’ हा संच पाहावा. अल्ट्रा मॅग्नस या पात्राच्या जुन्या खेळण्यात आत पांढरा ऑप्टिमस असे आणि ट्रेलरचे भाग सुटे होऊन त्याच्या अंगावर चिलखतासारखे चढत. 2006 नंतरच्या ‘क्लासिक्स’ मालिकेत कंपनीने ऑप्टिमसचाच साचा पांढऱ्या रंगात काढून त्याला अल्ट्रा मॅग्नस म्हटले आणि चिलखताला फाटा दिला. तेच चिलखत या संचाने पुरवले: ट्रकमागे जोडले की ट्रेलर, सोडवून अंगावर चढवले की छाती, खांदे, पाय आणि वरून नवे डोके. अल्ट्रा मॅग्नस हे नाव त्याने घेतले नाही. कथेत सिटी कमांडर हे त्या पात्राचे पद आहे. जाणत्याला तेवढी खूण पुरते आणि वकिलाच्या हाती नाव लागत नाही. ऑटोबॉट गटाचे चिन्हही असे संच टाळतात. ते गिऱ्हाइकाने वेगळ्या स्टिकरातून स्वतः चिकटवायचे.

2015 च्या ‘कॉम्बायनर वॉर्स’ मालिकेत पाच रोबो जुळून एक महाकाय रोबो होई. प्रत्येक लहान रोबोबरोबर येणारा एकच तुकडा कधी हात, कधी पाऊल, तर कधी बंदूक म्हणून वापरायचा होता. साहजिकच हाताची बोटे हलेनात आणि पाऊल अपुरे पडून राक्षस डुगडुगे. ‘परफेक्ट इफेक्ट’ या तिऱ्हाईत उत्पादकाने हलत्या बोटांचे हात आणि रुंद पावले काढली. प्लास्टिक वाचवण्यासाठी मूळ कंपनी पोटऱ्या आणि दंड आतून पोकळ ठेवते. त्या पोकळ्या बुजवणारे तुकडे हा तर स्वतंत्र विभागच झाला. हॅस्ब्रोच्या खेळण्यांत हत्यार धरण्याचे भोक साधारण 5 मिमीचे असते, म्हणून एकाची बंदूक दुसऱ्याच्या मुठीत बसते. या साध्या मापाशिवाय हा बाजार उभाच राहिला नसता.

थर्ड पार्टी आणि नक्कल यांत संग्राहक काटेकोर फरक करतात. अख्खे खेळणे साच्यासकट उचलले की ते ‘नॉकऑफ’. जे कंपनीने बनवलेच नाही ते घडवणे ही कारागिरी. न्यायालयात हा युक्तिवाद किती टिकेल ते सोडा, पण हातात घेतल्यावर तो पटतो. थ्रीडी प्रिंटिंगमुळे एकटा माणूसही भाग विकू लागला, मात्र सोय दुसऱ्याच्या दुकानावर अवलंबून राहिली. मागणीनुसार छापून देणारी ‘शेपवेज’ कंपनी 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिथले असंख्य भाग मिळेनासे झाले.

भारतात हा छंद महाग आहे. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्के झाले, 2023 मध्ये 70. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे आहे. याच्या उलट, परवानगीने बनलेल्या मालाचे उदाहरण गोव्यातले आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी 1987 मध्ये स्थापन केलेल्या फनस्कूलने तिथल्या कारखान्यात जी. आय. जो ही सैनिकांची बाहुली-मालिका हॅस्ब्रोच्याच साच्यांतून काढली. रंग मात्र मूळ खेळण्यांपेक्षा वेगळे, कधी चक्रावून टाकणारे. परदेशी संग्राहक नेमके ते रंग शोधत असतात.

देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गसारख्या किनाऱ्यावरच्या गावात असा भाग दुकानात नव्हे, पार्सलनेच यायचा, आणि खरी परीक्षा तो आल्यावर सुरू होते. खाऱ्या हवेने सांध्यातल्या पोलादी पिना आणि स्क्रू गंजतात, पावसाळ्यात स्टिकरच्या कडा सुटतात. उन्हाने पांढरे प्लास्टिक पिवळे पडते आणि प्रिंट केलेले रेझिन ठिसूळ होते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि खिडकीपासून दूरचे कपाट एवढी व्यवस्था लागते. सैल झालेल्या बॉल जॉइंटवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देतात. पुरता वाळण्याआधी सांधा बसवला तर तो चिकटून बसतो आणि हलवायला गेले की तुटतो.