जयपूरचे चौगान

जयपूर म्हटले की गुलाबी भिंती, हवामहाल आणि जंतरमंतर डोळ्यांपुढे उभे राहतात. मला मात्र तेथील रामबाग राजवाड्यालगतचे पोलोचे मैदान अधिक विचार करण्याजोगे वाटते. ऐन घाईच्या क्षणी माणूस निर्णय कसा घेतो, हे तेथे जितके उघड दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

खेळ जुनाच, पूर्वी त्याला चौगान म्हणत. कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरास चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून मेला. अकबराला तर या खेळाचे एवढे वेड, की काळोख्या रात्री पळसाच्या लाकडाचे चेंडू पेटवून तो खेळ चालवी. वरवर पाहणारास ही करमणूक वाटेल, पण जाणत्यांना तीत तत्परतेचे व निर्णयशक्तीचे शिक्षण दिसते, अशा आशयाचे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे. दरबारी लेखकाच्या स्तुतीतून जेवढे वजा करावयाचे तेवढे करूनही हे निरीक्षण शिल्लक उरते.

मैदान सुमारे ३०० यार्ड लांब, प्रत्येक पक्षाचे चार स्वार, आणि घोड्यांचा वेग ताशी पन्नास किलोमीटरांच्या घरात. नवशिक्या स्वार चेंडूमागे धावतो. मुरलेला स्वार आधी प्रतिस्पर्धी हेरतो, मग चेंडूची रेषा पाहतो आणि सर्वांत शेवटी चेंडूकडे वळतो. चेंडू उजव्या हाताला ठेवून त्याच्या रेषेवरून जो धावत आहे, त्याचा मार्ग कोणी कापावयाचा नाही, असा दंडक आहे. तो मोडल्यास घोडे एकमेकांवर आदळतात. म्हणजे “घुसू की थांबू?” या प्रश्नाचे निम्मे उत्तर नियमाने आधीच देऊन ठेवलेले असते, उरलेले अर्धे स्वाराने द्यावयाचे.

खरी कसोटी उलट्या फटक्याची. मागे राहून गोल राखणारा गडी घोडा न वळविता चेंडू मागच्या दिशेने परतवितो. त्याचे सोबती फटका बसण्यापूर्वीच घोडे वळवितात. बसल्यावर वळले तर उशीर झालाच म्हणून समजावे. फटका हुकला, तर वळलेले सारेच फसले! तेव्हा हा निर्णय एकट्याचा नव्हे, सोबत्याच्या हातावर टाकलेल्या विश्वासाचा आहे. असा विश्वास चार दिवसांत जमत नाही.

महाराजा सवाई मानसिंह यांनी १९३३ साली आपला संघ इंग्लंडला नेला. हनूतसिंह, अभयसिंह आणि पृथ्वीसिंह हे त्यांचे सोबती. त्या हंगामातील प्रमुख खुल्या स्पर्धा या चौघांनी जिंकल्या. लोक घोड्यांचे कौतुक करीत, आणि घोडे उत्तम होतेच. पण पैशाने घोडे मिळतात, वेळेवर वळणारा सोबती मिळत नाही. १९५७ साली फ्रान्समधील दोव्हील येथेही भारतीय संघ विजयी झाला, तेव्हा मानसिंह व हनूतसिंह पुन्हा एकत्र होते. मधल्या काळात संस्थाने विलीन झाली होती.

हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत, २०२३ साली, संगणकावरील खेळांनाही पदके मिळाली. त्यांतील मुरलेला खेळाडूदेखील आपल्या पात्रावर नजर खिळवून बसत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातील छोटा नकाशा पुनःपुन्हा पाहून सोबती व शत्रू कोठे आहेत हे तो ताडतो. मात्र तेथे चूक झाली तर डाव जातो, हाडे मोडत नाहीत. मानसिंहांना १९७० साली सायरेन्सेस्टर येथे मृत्यू आला, तो पोलो खेळतानाच.